हार्वर्डचा फुकट कोर्स, मुक्काम मार्केट यार्ड, सांगली

निकाल आधी सांगतो. चाळिशीला टेकलेला माणूस, हिशेबाची भीती नाही, इंग्रजी वाचून समजतं पण बोलताना जीभ अडखळते, खिशात फीचे पैसे नाहीत आणि चालू पगार सोडून भागणार नाही, अशा माणसानं सीएस फिफ्टी एक्स हा हार्वर्डचा फुकट ऑनलाइन प्रोग्रामिंग कोर्स जरूर करावा. सहा महिन्यांत पुण्याला नोकरी लागलीच पाहिजे अशी घाई असेल त्यानं करू नये. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आवक लिहायची, सौदा झाला की भाव टिपायचा, वजनं आली की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशांचा हिशेब, करायची, संध्याकाळी टॅलीत नोंदी आणि रोकड जुळवायची. शिक्षण बी.कॉम. काम वाईट नाही, पण त्यात पुढं वाढ नाही हे दिसत होतं. शेठचा मुलगा पट्टीचं सॉफ्टवेअर घ्यायच्या गोष्टी करायला लागला होता, आणि ते आलं की दोघा दिवाणजींचं काम एकावर येणार हे कळायला ज्योतिषी नको. म्हटलं, सॉफ्टवेअर येणारच असेल तर ते लिहिणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलेलं बरं.

सुरुवात शहरातल्या एका क्लासच्या डेमो लेक्चरनं झाली. फुल स्टॅक डेव्हलपर, फी साठ हजार, हप्त्याची सोय. भिंतीवरच्या पाटीवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हातभर उंच अक्षरांत आणि त्याच्या शेजारी ‘साहाय्य’ डोळे बारीक करून वाचावं लागेल असं. मी काउंटरवर विचारलं, नोकरी नाही लागली तर? ती मुलगी हसून म्हणाली, “सर, तुमचं वय किती?” मी चहा पिऊन परत आलो.

तर हा कोर्स. शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड मेलन. लेक्चरं हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांपुढं होतात, तीच चित्रित करून सगळ्या जगाला खुली ठेवलेली आहेत. एकेक लेक्चर दोन-अडीच तासांचं. आठवडे शून्यापासून मोजतात. शून्याव्या आठवड्यात स्क्रॅच, एमआयटीनं 2007 साली मुलांसाठी काढलेली, रंगीत ठोकळे जोडायची भाषा. पहिल्या आठवड्यापासून थेट सी. ही 1972 सालची, माझ्या आधी जन्मलेली. पाच आठवडे सी घासून घेतात, मग पायथन ही दुसरी भाषा, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), मग एचटीएमएल-सीएसएस-जावास्क्रिप्ट (वेबपानं बनवायच्या भाषा), मग फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट उभी करायची चौकट), आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट. प्रत्येक आठवड्याला गृहपाठ. ‘आठवडा’ म्हणायचा तो हार्वर्डच्या पोरांचा. माझा एकेक आठवडा महिनाभर चालला आणि त्याला कुणाची हरकत नाही.

मेलनसाहेब बोलतात भरभर, चालतात त्याहून भरभर. मी खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवून, वेग पाऊण करून बघायचो. पण माणूस शिकवतो जीव ओतून. क्रमानं लावलेल्या यादीत नाव कसं लवकर सापडतं हे दाखवायला टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून अर्धी फेकून देतो, उरलेली पुन्हा फाडतो. आमच्या दुकानात जुन्या डिरेक्टऱ्या रद्दीत पडून आहेत, मी एक घरी आणून धाकट्याला तसंच करून दाखवलं. बायको म्हणाली, “अहो, शिकताय का मोडताय?”

गृहपाठांची उदाहरणं अमेरिकन आहेत, हे आधी माहीत असलेलं बरं. पहिल्याच आठवड्यात सुट्टे पैसे द्यायचा प्रोग्राम आहे: कमीत कमी नाणी वापरून रक्कम परत करा. नाणी पंचवीस, दहा, पाच आणि एक सेंटची. आपल्याकडचे चार आणे 30 जून 2011 ला चलनातून गेले, त्यामुळं माझ्या मुलाला पंचवीसचं नाणं ही कल्पनाच सांगावी लागली. मला मात्र गल्ला सांभाळायची सवय, मोठं नाणं आधी उचलायचं हे हाताला माहीत होतं. हाताला माहीत असलेली गोष्ट मशीनला एकेक पायरी सांगताना किती तपशील लागतो, ते त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात जरा अवघड हवं असेल तर क्रेडिट कार्डाचा गृहपाठ. कार्डाचा नंबर खरा की खोटा ते ओळखायचं. रीत आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, तिचं पेटंट 1960 सालचं. शेवटून दुसऱ्या आकड्यापासून सुरू करून एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, आलेल्या उत्तरांतले अंक सुटे करून बेरीज करायची, राहिलेले आकडे तिच्यात मिळवायचे. एकूण बेरजेचा शेवटचा अंक शून्य आला तर नंबर चालतो. पंधरा-वीस वर्षं लोकांच्या चेकांचे आणि खात्यांचे नंबर उतरवून घेतोय, एक आकडा चुकला की काय गोंधळ होतो ते रोज बघतोय, आणि अशी पकड मुळातच नंबरात बसवलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. मी लगेच खिशातलं रुपे कार्ड काढून माझ्या प्रोग्रामला घातलं. उत्तर ‘इनव्हॅलिड’. दोष कुणाचाच नाही. गृहपाठात फक्त अमेरिकन एक्स्प्रेस, मास्टरकार्ड आणि व्हिसा एवढीच तीन ओळखायला सांगितलीत, आणि रुपेचे नंबर यांपैकी कशानंच सुरू होत नाहीत. मी घरच्यासाठी एक वेगळी प्रत करून त्यात रुपे घातलं. कुणी न सांगता केलेला हा माझा पहिला बदल.

आता या कोर्सचा खरा जीव कशात आहे ते सांगतो. लेक्चरं यूट्यूबवर कुणाचीही चांगली मिळतात. इथं ‘चेक फिफ्टी’ नावाची तपासणी आहे. प्रोग्राम लिहून झाला की एक ओळ टाइप करायची, मशीन आपला प्रोग्राम दहा-बारा तऱ्हांनी चालवून बघतं आणि प्रत्येकापुढं तोंड काढतं. हिरवं हसरं म्हणजे जमलं. लाल रडकं म्हणजे नाही, आणि शेजारी लिहिलेलं असतं की अपेक्षा अमुक होती, तुमच्याकडून तमुक आलं. तिसरं एक पिवळं, सरळ रेघेचं तोंड: वरचं रडकं हसरं झाल्याशिवाय हे तपासताच येत नाही. हा आपला यार्डातला काटा आहे. शेतकरी कितीही सांगू दे, माल वाळलेला आहे, पोतं भरून आहे. काट्यावर चढलं की जे आहे ते दिसतं. क्लासमधल्या सरांना ‘छान, छान’ म्हणायची सवय असते, काट्याला नसते.

यात एक धोकाही आहे. हसरी तोंडं मोजायची चटक लागते. सगळी हिरवी झाली की वाटतं, आलं आपल्याला. पण महिन्यानं तोच प्रोग्राम कोऱ्या पानावर लिहायला बसलं की कळतं काय आलंय. म्हणून मी कोर्सनं न सांगितलेली एक सोय करून घेतली. दुकानात जुन्या सालची एक लांब रोजमेळाची वही अर्धी कोरी पडली होती. तिच्यात रोज अभ्यासावरून उठताना लिहायला लागलो: जमेच्या बाजूला आज काय चाललं, नावेच्या बाजूला काय अडलं. दोन-तीन ओळी, जास्त नाही.

ती वही हाच माझा प्रगतीचा हिशेब. सुरुवातीची पानं काढली तर नावेला असतं: ‘सेमिकोलन कुठं द्यायचा आणि कुठं नाही’, ‘एक बरोबर आणि दोन बरोबर यात फरक काय’, ‘पिरॅमिड डावीकडंच का सरकतोय’. मध्यावर: ‘फंक्शनला ॲरे दिला तर आत बदलतो, आकडा दिला तर का नाही’. पुढं: ‘व्हॅलग्राइंड म्हणतंय छप्पन्न बाइट सुटल्या नाहीत, कोण धरून बसलंय’ (व्हॅलग्राइंड म्हणजे प्रोग्रामनं न सोडलेली मेमरी दाखवणारं साधन). अलीकडं: ‘दोन माणसांनी एकाच वेळी पट्टी सेव्ह केली तर नंबर एकच पडेल का’. नावेची बाजू कधी रिकामी झाली नाही. जमेची बाजू तर बऱ्याचदा भावनेच्या भरात लिहिलेली, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण काय अडतंय ते बघितलं की मी कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळतं. सेमिकोलनला अडणारा माणूस आणि एकाच वेळच्या दोन नोंदींना अडणारा माणूस, दोघंही अडलेलेच, पण पहिल्याला दुसऱ्याचा प्रश्न पडलाच नसता.

अभ्यास कुठं केला तेही सांगायला पाहिजे, कारण घरी दोन खोल्या आणि एक टीव्ही आहे. विश्रामबागेत एका अभ्यासिकेत रात्रीची जागा घेतली. सगळी एमपीएससीची पोरं, पिनड्रॉप शांतता, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा. माझ्या कीबोर्डच्या टकटकीची तक्रार गेली. चालकांनी मला उचलून इन्व्हर्टरच्या शेजारी बसवलं. तिथं आधीच घूंऽऽ आवाज, त्यात माझी टकटक बुडून गेली. उन्हाळ्यात तिथं गरम होतं, पण लाइट गेली तरी प्लग पहिला माझाच चालू. तिथंच वालचंद कॉलेजचा, तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा येऊन बसायचा. माझ्या पडद्यावर सीमधले पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, बघून म्हणाला, “काका, आता सी कोण करतंय? थेट जावास्क्रिप्ट करा, रिॲक्ट करा, तीन महिन्यांत काम मिळतंय.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं, आणि चौथ्या आठवड्यात मला त्याचं म्हणणं पटायच्या बेतात होतं. तो आठवडा मेमरीचा. सगळं दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांत, पत्ता वेगळा आणि पत्त्यावरची वस्तू वेगळी, आणि प्रोग्राम जरा इकडंतिकडं झाला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं म्हणून गप्प. पण याच आठवड्यातला ‘रिकव्हर’ हा गृहपाठ मला सगळ्या कोर्समध्ये उजवा वाटतो. एका कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो डिलीट झालेत आणि त्या कार्डाची फक्त कच्ची नक्कल आपल्या हातात आहे. ती 512 बाइटांच्या तुकड्यांनी वाचत जायची. जेपेगची, म्हणजे फोटोच्या फाइलची, सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. ती खूण दिसली की नवी फाइल उघडायची, पुढची खूण येईपर्यंत तिच्यात लिहीत राहायचं. सगळं बरोबर जमलं तर पन्नास फोटो बाहेर पडतात. पहिली फाइल उघडून खरोखरचा फोटो दिसला तेव्हा मी अभ्यासिकेत मोठ्यानं “आयला!” म्हणालो आणि सगळा एमपीएससी वर्ग वळून बघायला लागला. डिलीट केलेली गोष्ट तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच पडून असू शकते, हे आता मी मेव्हण्याला समजावून सांगू शकतो. जावास्क्रिप्टपासून सुरुवात केली असती तर हे कळलं असतं का, शंका आहे.

सीमुळं कळलेली आणखी एक गोष्ट थेट आपल्या कामाची. शब्दाची लांबी मोजणारं एक फंक्शन आहे. इंग्रजी शब्दांवर ते बरोबर चालतं. मी त्याला ‘हळद’ दिला. उत्तर आलं नऊ. तीन अक्षरांचा शब्द, लांबी नऊ! कारण ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-आठ या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘सांगली’ दिलं तर अठरा, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी यांची मोजणी वेगळी. सहाव्या आठवड्यात पायथन आल्यावर हेच करून बघितलं: हळदीला तीन, सांगलीला सहा. मराठी नावं नीट न छापणारी सॉफ्टवेअरं आपण वर्षानुवर्षं वापरतोय, त्यामागचं एक कारण असं उघडं पडलं.

पाचव्या आठवड्यात ‘स्पेलर’. 143091 शब्दांचा शब्दकोश मेमरीत भरायचा आणि एखाद्या मजकुरातला प्रत्येक शब्द त्यात आहे का ते झटक्यात सांगायचं. त्यासाठी शब्द वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून ठेवायचे. तयार मिळणाऱ्या सांगाड्यात वाटणी पहिल्या अक्षरावरून, म्हणजे सव्वीस कप्पे. ही वाटणी का कच्ची आहे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या खातेवहीत आडनावाच्या पहिल्या अक्षरानं शेतकरी लावले तर ‘प’ च्या कप्प्यात पाटील, पवार, पुजारी सगळे दाटीवाटीनं कोंबले जातील आणि ‘ढ’ चा कप्पा मोकळा फिरेल. तीन अक्षरं घेऊन कप्पे वाढवले आणि वेळ चांगलाच खाली आला.

मग फेब्रुवारी उजाडला. नव्या हळदीचा हंगाम. मे उजाडेपर्यंत यार्डात श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी सौदे, दुपारी वजनं, रात्री पट्ट्या, अंगावरच्या शर्टाला कायमचा पिवळा रंग. लॅपटॉप उघडला नाही. हप्ते भरलेला क्लास असता तर बॅच पुढं निघून गेली असती. इथं कुणी वाट बघत नाही आणि कुणी हाकलूनही देत नाही. हे सोयीचं आहे, पण सोपं नाही.

जूनमध्ये परत बसलो तेव्हा हाताला काहीच आठवेना. फॉर लूपचं व्याकरणसुद्धा वहीत बघावं लागलं. इथं बरेच जण सोडून देत असतील, कारण वाटतं सगळं धुऊन गेलं. मी ‘रनऑफ’ हा मतदानाचा गृहपाठ कोऱ्या पानावर पुन्हा करायला घेतला. व्याकरण दोन-तीन रात्रींत परत आलं. आणि लक्षात आलं की दुसरी एक गोष्ट कुठं गेलीच नव्हती: काम बघितल्याबरोबर त्याचे तुकडे पाडायची सवय. आधी मतं मोजा, मग कुणाला निम्म्याहून जास्त आहेत का बघा, नसतील तर सगळ्यांत कमी कुणाला ते शोधा, त्याला बाद करा, परत पहिल्यापासून. हे पाच तुकडे मी पेन्सिलीनं सरळ लिहून काढले. पहिल्या खेपेला इथंच मी रात्ररात्र डोकं धरून बसलो होतो. वहीत त्या रात्री जमेला एवढंच लिहिलंय: ‘कागदावर आधी जमलं’. त्या बाजूची ही एक ओळ मला खरी वाटते.

सातवा आठवडा एसक्यूएलचा आणि तो माझाच होता असं म्हणायला हरकत नाही. ‘फिफ्टीव्हिल’ नावाचा गृहपाठ आहे. 28 जुलैला हम्फ्री स्ट्रीटवर कोर्सचं लाडकं बदक चोरीला गेलंय. हातात एक डेटाबेस: पोलिसांचे अहवाल, साक्षीदारांचे जबाब, एटीएमचे व्यवहार, बेकरीच्या गेटवरच्या गाड्यांच्या नोंदी, फोन कॉल, विमानाचे प्रवासी. एका तक्त्यातलं दुसऱ्याशी जोडत चोर, त्याचा साथीदार आणि तो कुठल्या गावाला पळाला ते काढायचं. अभ्यासिकेतल्या वालचंदच्या पोराला यात माझ्याहून जास्त वेळ लागला. मी आयुष्यभर हेच करतोय ना! बँकेचा उतारा, आवक वही, पट्टी आणि पोहोच पावती समोर ठेवून शंभर रुपये कुठं गेले ते शोधायचं. फक्त इथं बोटाऐवजी ‘जॉइन’ चालतो. धंदा बदलताना आधीची वर्षं फुकट गेली असं वाटत राहतं. माझी तरी गेली नाहीत, निदान या आठवड्यापुरती.

चोर कोण ते सांगत नाही. तुम्ही काढा.

एआयबद्दल विचारणारे बरेच असतील. कोर्सचा नियम स्पष्ट आहे: चॅटजीपीटी, कोपायलट वगैरेंकडून गृहपाठ करून घेणं चालत नाही. त्याऐवजी कोर्सचं स्वतःचं एआय बदक दिलंय. बदकच का, तर प्रोग्रामर लोकांत जुनी रीत आहे, अडलं की टेबलावरच्या रबरी बदकाला अडचण मोठ्यानं समजावून सांगायची. सांगता सांगता आपल्यालाच सापडतं. हे बदक उलट उत्तर देतं, पण पूर्ण कोड देत नाही, उलटे प्रश्न विचारतं. कधी कधी चीड येते. रात्री साडेअकराला माणसाला उत्तर हवं असतं आणि हे विचारतंय, “या ओळीत काय होईल असं तुम्हाला वाटतं?” तरी मी नियम पाळला, कारण नोकरीसाठी शिकतोय, कागदासाठी नाही.

शेवटचा प्रोजेक्ट मी पट्टीचाच केला. फ्लास्क, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, मराठी नावं, पोत्यांची वजनं, भाव, हमाली-तोलाईच्या कपाती, निव्वळ रक्कम. इथं कोर्सचा एक धडा कामाला आला. दशांश चिन्हाचे बरेचसे आकडे मशीन तंतोतंत साठवू शकत नाही. पायथनला शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन विचारा, उत्तराच्या शेपटीला चार येतो. ६ क्विंटल ३५ किलोला 14250 भावानं 90487 रुपये 50 पैसे होतात, आणि त्यातले पन्नास पैसे इकडंतिकडं झाले तर शेतकरी विचारतो आणि त्यानं विचारलंच पाहिजे. म्हणून सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात साठवल्या. रुपये फक्त छापताना.

शेठना दाखवलं. पाच मिनिटं बघितलं, फ्लास्क, डेटाबेस कशाचंच नाव नाही. “दिवाणजी, प्रिंट निघते का?” निघत नव्हती. म्हणजे निघायची, पण ब्राउझरची बटणं, मेनू सगळं घेऊन, पानभर. पुढचे काही दिवस छपाईसाठी वेगळं सीएसएस लिहिण्यात गेले, अर्ध्या कागदावर बसेल अशी पट्टी केली. आता हंगाम नसताना शेठ ती टॅलीच्या जोडीला चालवू देतात. दोन्हीकडं रक्कम जुळते का ते मी रोज बघतो. यार्डात बातमी अशी पसरलीय की दिवाणजी अमेरिकेला चालले म्हणं.

आता कापलेला अर्धा गुण. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर बोलून घेतलं. एसक्यूएलचं विचारलं ते धडाधड सांगितलं. मग विचारलं, गिटवर (कोडमधले बदल नोंदवून ठेवायचं साधन) चार जणांबरोबर काम केलंय का, दुसऱ्याच्या कोडमध्ये बदल केलाय का, टेस्ट लिहिल्यात का. या कोर्समध्ये गृहपाठ पाठवताना गिट पडद्यामागं चालतं, पण ते हातात देत नाहीत. जावास्क्रिप्टला तर एका आठवड्याचाही वाटा नाही. एचटीएमएल आणि सीएसएसच्या कोपऱ्यात बसवलंय. सगळा कोर्स एकट्यानं करायचा, आणि नोकरीत एकट्यानं काहीच करायचं नसतं. माझ्यासारख्याला ही पोकळी पुढं स्वतःच भरावी लागते. मी सध्या याच मंडळींचा, कार्टर झेंकी शिकवतात तो एसक्यूएलचा वेगळा कोर्स करतोय. त्यानंतर ब्रायन यू यांचा वेबचा, ज्यात जँगो (फ्लास्कसारखीच वेबसाइटची चौकट) आणि जावास्क्रिप्ट नीट आहे. दोन्ही फुकट.

घेणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. महागडा लॅपटॉप लागत नाही. सगळं काम ब्राउझरमधल्या एडिटरवर चालतं, माझा जुन्या बाजारातला आहे. नेट मात्र लागतं. लेक्चरं उतरवून घेता येतात, तेव्हा वायफाय असेल तिथं उतरवा आणि घरी बघा. प्रत्येक गृहपाठाला सत्तर टक्के आणि शेवटचा प्रोजेक्ट, त्याचा तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ, एवढं केलं की प्रमाणपत्र कोर्सकडून फुकट मिळतं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटचं ओळख पडताळलेलं प्रमाणपत्र पैसे भरून वेगळं; मी घेतलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. वर्षाची मुदत 31 डिसेंबरला संपते, पण तोवर पास झालेला गृहपाठ पुढच्या सालात धरतात, हंगामी कामं करणाऱ्यांनी घाबरू नये. अवघड आणि सोपा असे दोन पर्याय जिथं दिलेत तिथं पहिल्या खेपेला सोपा घ्या. आणि गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर खातं आधी काढून ठेवा, त्याशिवाय एडिटर उघडत नाही.